माउंड बायूचं हॉस्पिटल: सत्तर सेंटच्या वर्गणीवर उभं राहिलेलं

१९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतले कृष्णवर्णीय आपलं गाऱ्हाणं संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडत होते आणि त्या निवेदनाच्या प्रती बाबासाहेबांना हव्या होत्या. हे पत्र आपल्या ग्रुपवर दर सहा महिन्यांनी फिरतं. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली ती तिकडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन, हेही आपल्याला माहीत आहे. मार्टिन ल्यूथर किंग, माल्कम एक्स, रोझा पार्क्स ही नावं तर तोंडपाठ आहेत. पण ते पत्र लिहिलं गेलं तेव्हा मिसिसिपी राज्यातल्या एका लहानशा गावात शेतमजुरांच्या वर्गणीवर चाललेलं एक हॉस्पिटल चार वर्षांचं झालं होतं, याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. तिकडच्या चळवळीची बरीचशी मुळं त्या हॉस्पिटलच्या आवारात सापडतात, म्हणून हा लेख.

गावाचं नाव माउंड बायू. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी १८८७ साली जंगल तोडून ते वसवलं. पुढारी होते आयझाया माँटगोमेरी, स्वतः गुलामीत जन्मलेले. गावात सगळे कृष्णवर्णीय. महापौर त्यांचा, पोलीस त्यांचे, दुकानं त्यांची. गावाबाहेर मात्र मैलोनमैल कापूस आणि त्यावर गोऱ्या मळेवाल्यांची मालकी. त्या जमिनीवर वाट्याने राबायचं, बी-बियाणं आणि किराणा मालकाच्याच दुकानातून उधार घ्यायचा आणि हंगाम संपला की हिशेब मालकाने सांगायचा. आपल्या सालगड्यांच्या घरात वाढलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

अशा माणसाने आजारी पडलं तर जायचं कुठे? गोऱ्यांच्या हॉस्पिटलांत अनेक ठिकाणी कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता. जिथे होता तिथे मागच्या दाराने, तळघरातल्या किंवा कोपऱ्यातल्या खाटेवर. आधी पैसे, मग तपासणी. कृष्णवर्णीय डॉक्टर असला तरी त्याला त्या हॉस्पिटलात स्वतःच्या रुग्णावर शस्त्रक्रिया करायची परवानगी नसे. बाळंतपणं सुइणीच्या हातून व्हायची, आणि अडलेली बाई कधी कधी वाटेतच जायची.

याला उत्तर ज्या संस्थेने दिलं तिचं नाव ‘नाइट्स अँड डॉटर्स ऑफ टेबर’. नाव भारदस्त आहे, कामही तसंच होतं: दीक्षाविधी, गणवेश, पदव्या. या सगळ्याच्या आत मात्र आपल्या चाळीतल्या मयत फंडासारखी एक साधी गोष्ट होती. सभासदाने थोडी थोडी वर्गणी भरायची, आणि तो गेला की संस्थेने अंत्यविधीचा खर्च करायचा. १९३८ साली मिसिसिपीतले तिचे प्रमुख पेरी स्मिथ यांनी म्हटलं की मेल्यानंतर पैसे देण्यापेक्षा जगवण्यासाठी देऊ. मग चर्चमधून, शेतांच्या बांधांवरून, घराघरांतून पैसे गोळा झाले. सरकारची मदत नाही, कुणा दानशूर धनिकाची देणगी नाही.

१२ फेब्रुवारी १९४२ रोजी टेबोरियन हॉस्पिटल उघडलं तेव्हा हजारो माणसं जमली होती. ४२ खाटा, शस्त्रक्रियेच्या खोल्या, एक्स-रे, रक्तपेढी, अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी इन्क्युबेटर. शल्यचिकित्सकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे कृष्णवर्णीय. मोठ्या माणसाची वर्गणी वर्षाला ८ डॉलर ४० सेंट, म्हणजे महिन्याला ७० सेंट. लहान मुलासाठी वर्षाला १ डॉलर २० सेंट. एवढ्यात वर्षातून ३१ दिवस हॉस्पिटलात राहण्याची सोय, शस्त्रक्रिया धरून. काही वर्षांतच मिसिसिपीतल्या सभासदांची संख्या चाळीस हजारांच्या पुढे गेली. नॅशव्हिलच्या मेहॅरी मेडिकल कॉलेजातून तरुण कृष्णवर्णीय डॉक्टर इथे शिकायला येऊ लागले, कारण दक्षिणेत त्यांना हात बसवायला जागा मिळणं मुश्कील होतं.

वर्गणीचं हे गणित नीट बघा. इथे रुग्ण हा उपकार घेणारा नव्हता, तो हॉस्पिटलचा मालक होता. पुढच्या दाराने यायचा आणि संस्थेच्या सभेत हिशेब विचारायचा.

पहिले मुख्य शल्यचिकित्सक होते डॉ. टी. आर. एम. हॉवर्ड. ते काही साधुपुरुष नव्हते. मोठी शेती, महागड्या गाड्या, शिकारीचा शौक. पण या माणसाची रोजीरोटी एकाही गोऱ्याच्या हातात नव्हती आणि त्याचा परिणाम पुढे दिसला. १९५१ साली त्यांनी हक्कांसाठी एक प्रादेशिक परिषद स्थापन केली. जिथे शौचालय वापरू देत नाहीत त्या पंपावर पेट्रोल भरू नका, असा बहिष्कार तिने पुकारला. गाड्यांवर स्टिकर लागले. परिषदेच्या वार्षिक मेळाव्यांना माउंड बायूत हजारोंनी लोक यायचे. हॉवर्ड यांच्या विमा कंपनीत एक तरुण एजंट गावोगाव फिरायचा. त्याचं नाव मेडगर एव्हर्स. तोच पुढे मिसिसिपीतल्या लढ्याचा चेहरा झाला आणि १९६३ साली स्वतःच्या घरासमोर गोळी झाडून त्याला मारलं गेलं.

१९५५ साली एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाचा खून झाला, तेव्हा साक्षीदार शोधण्याचं आणि त्यांना सांभाळण्याचं काम हॉवर्ड यांच्या घरातून चाललं. त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला माँटगोमेरी शहरातल्या चर्चमध्ये ते या खुनाबद्दल बोलले. कार्यक्रमाचे यजमान होते तरुण धर्मोपदेशक मार्टिन ल्यूथर किंग आणि श्रोत्यांत रोझा पार्क्स बसल्या होत्या. चारच दिवसांनी बसमधल्या जागेवरून उठायला त्यांनी नकार दिला. (आपल्या व्याख्यानांतून ही घटना अचानक घडल्यासारखी सांगितली जाते. तशी ती नव्हती.)

आता कटू भाग. हॉवर्ड आणि स्मिथ यांचं पटलं नाही. नेतृत्वाच्या निवडणुकीत दोन गट पडले, स्मिथ जिंकले आणि १९४७ साली हॉवर्ड यांना मुख्य शल्यचिकित्सकाच्या पदावरून जावं लागलं. त्यांनी वेगळी संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी फ्रेंडशिप क्लिनिक उघडलं, तेही टेबोरियनच्या समोर. एका लहान गावात समोरासमोर दोन हॉस्पिटलं, आणि दोघांचे सभासद तेच कष्टकरी. गटबाजीची ही गोष्ट वाचताना कुणाला काय आठवेल ते मी लिहीत नाही.

तरी हॉस्पिटल केवळ भांडणाने मोडलं असं म्हणणं चुकीचं ठरेल. कापूस वेचणारी यंत्रं आली, मजुरांची कामं गेली आणि तरुण शिकागोकडे निघून गेले. वर्गणी भरणारे घटले, मागे म्हातारे उरले. सरकारी पैशातून जिल्ह्याजिल्ह्यांत नवी हॉस्पिटलं झाली आणि त्यांच्यासाठीचे नियम जुन्या इमारतींना झेपेनात. मग १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६६ पासून मेडिकेअर: सरकारी पैसा हवा असेल तर गोऱ्यांच्या हॉस्पिटलांना भेदभाव सोडावा लागला. ज्यासाठी लढलो ते मिळालं, आणि त्याच वेळी आपल्या हॉस्पिटलचं कारण कमी झालं. १९६७ साली केंद्र सरकारच्या दारिद्र्यविरोधी निधीतून दोन्ही हॉस्पिटलं एकत्र करून माउंड बायू कम्युनिटी हॉस्पिटल झालं. गरिबाला पैसे न देता उपचार मिळू लागले ही मोठी गोष्ट होती. पण वर्गणी गेली तशी मालकीही गेली. आता दरवर्षी वॉशिंग्टनच्या मंजुरीकडे डोळे लावून बसायचं आलं.

फॅनी लू हेमर यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. मळ्यावर राबणारी ही बाई १९६१ साली एका साध्या शस्त्रक्रियेसाठी दुसऱ्या एका हॉस्पिटलात गेली, तर तिला न विचारता तिचं गर्भाशय काढून टाकलं गेलं. पुढच्या वर्षी ती मतदार नोंदणीला गेली म्हणून तिला मळ्यावरून हाकललं. देशभर गाजलेल्या या कार्यकर्तीने १४ मार्च १९७७ रोजी शेवटचा श्वास घेतला तो माउंड बायूच्या हॉस्पिटलात.

१९८३ साली हॉस्पिटल बंद पडलं.

माझं मत सरळ आहे. आपल्या संस्था आणि सरकारी हक्क यांतलं एकच निवडा असं कुणी सांगत असेल तर तो फसवतोय. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि नंतर संविधानाचं कामही केलं. माउंड बायूत चूक सरकारी पैसा घेण्यात नव्हती, पैशाबरोबर सभासदांचा अधिकार टिकवण्याची तजवीज झाली नाही यात होती.

त्याच गावात याचा दुसरा प्रयोगही झाला. १९६७ सालीच डॉ. जॅक गायगर आणि जॉन हॅच यांनी तिथे डेल्टा हेल्थ सेंटर सुरू केलं. मुलं उपासमारीने आजारी दिसली तेव्हा गायगर औषधाच्या चिठ्ठीवर दूध, भाजी, मांस लिहून देऊ लागले आणि बिल केंद्राच्या औषधखात्यावर टाकू लागले. अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. कुपोषणावरचं औषध अन्नच असतं, हे त्यांचं उत्तर होतं. हॅच यांनी वस्त्यावस्त्यांत आरोग्य समित्या बांधल्या, लोकांनी विहिरी आणि संडास खोदले आणि स्वतःची सहकारी शेती उभारून भाजीपाला पिकवला. त्या सहकारी शेतीचं काम बघणाऱ्यांत एल. सी. डॉर्सी होत्या, मळ्यावर जन्मलेल्या, वाट्याने राबणाऱ्या घरातल्या. त्या पुढे शिकल्या, डॉक्टरेट मिळवली आणि १९८८ साली त्याच केंद्राच्या संचालक झाल्या. ते केंद्र आजही चालू आहे.