२४ फुटी संसार

कळंब्याच्या तलावाकडे संध्याकाळी फिरायला गेलं, की वारा सुटतो, पाण्यावर बारीक लाटा उठतात आणि मनात येतं, इथेच पाण्यावर आपलं घर असतं तर! ना दारावरची घंटा, ना 'वहिनी, वाटीभर साखर द्या हो'. दोघांचाच संसार आणि वर मोकळं आभाळ. सिनेमातली नायिका तर शिडाच्या नौकेवर नुसती केस उडवीत उभी असते. तिला कधी तिथे भांडी घासताना पाहिलंय तुम्ही?

भांडी मात्र असतातच. शिडाच्या नौकेत कायमचं बिऱ्हाड थाटून राहणारी जोडपी जगात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या घरातही पोळी करपते, दूध नासतं. आपल्या मुंबईत गेट वे ऑफ इंडियासमोर शिडाच्या नौका नांगरलेल्या दिसतात खऱ्या, पण पावसाळ्यात तिथला समुद्र असा खवळतो, की त्या किनाऱ्यावर ओढून घ्याव्या लागतात. म्हणजे चार महिने घर उचलून जमिनीवर! बारमाही संसार तिथे कसा जमायचा? न्यूझीलंडच्या ऑकलंडची गोष्ट निराळी. त्या शहराला 'शिडांचं शहर' असंच म्हणतात. त्याच्या उत्तरेला कवाऊ नावाचं बेट आहे. लिन आणि लॅरी पार्डी हे जगप्रसिद्ध जोडपं अखेरीस याच बेटाच्या आश्रयाला येऊन राहिलं.

लिन अमेरिकेतल्या, लॅरी कॅनडाचे. १९६८ साली त्यांनी 'सेराफिन' नावाची स्वतः बांधलेली लाकडी नौका कॅलिफोर्नियात पाण्यात सोडली. लांबी २४ फूट ४ इंच, रुंदी जेमतेम ९ फूट. आपली एखादी लांबट खोली असते ना, तेवढंच सगळं घर! त्यातच स्वयंपाक, त्यातच बिछाना, त्यातच डोक्यावर घोंघावणारा वारा. इंजीन नव्हतं, बसवलंच नाही. दिवे रॉकेलचे. अशा घरातून ही दोघं ११ वर्षं जगभर हिंडली. पैसा संपला की बंदरात थांबायचं. लॅरी लोकांच्या नौका दुरुस्त करून द्यायचे, लिन लिहायच्या. कधी कुणाची नौका एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवून द्यायची. चार पैसे जमले की पुन्हा शीड वर.

आता स्वयंपाकघरात डोकावू या, कारण आपलं लक्ष तिथेच जाणार. शेगडी दोन्ही बाजूंना खिळीवर टांगलेली असते. नौका डावीकडे कलली, उजवीकडे कलली, तरी शेगडी पाळण्यासारखी झुलते आणि पातेलं सरळ राहतं. स्वयंपाक करणारी मात्र सरळ राहत नाही! तिनं कमरेला पट्टा बांधून स्वतःला ओट्याशी अडकवून घ्यायचं, म्हणजे दोन्ही हात मोकळे. आपला प्रेशर कुकर तिथे लाखमोलाचा, शिजतं लवकर म्हणून तर खराच, पण झाकण घट्ट बसतं आणि उकळतं वरण अंगावर सांडत नाही म्हणूनही.

पाणी म्हणजे सोनं. एक दिवसाआड येणाऱ्या नळाची सवय असलेल्या आपल्याला हे निराळं सांगायला नको. नळ पायानं दाबायचा असतो, म्हणजे हवं तेवढंच येतं. भांडी समुद्राच्या पाण्यानं घासायची, गोड पाण्याचा हात शेवटी फक्त फिरवायचा. अंघोळही तशीच, शेवटचा तांब्या तेवढा गोडा. खारट पाण्यात धुतलेले कपडे कधी म्हणून पुरे वाळत नाहीत, कारण मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. म्हणून पाऊस आला की नौकेवर सण! बादल्या मांडा, कपडे काढा, केस धुवा.

फ्रिजशिवाय अंडी टिकवायची त्यांची रीत तुम्हालाही उपयोगी पडेल. ताजी, न धुतलेली अंडी घ्यायची, कवचाला व्हॅसलीनचा पातळ हात लावायचा आणि दर दोन दिवसांनी उलटून ठेवायची. वापरताना मात्र वेगळ्या वाटीत फोडून वास घ्या. जपानहून कॅनडापर्यंतच्या ४९ दिवसांच्या सफरीत रोज काय शिजवलं, काय उरलं, काय नासलं, हे लिननी टिपून ठेवलं आणि त्याचं पुस्तक केलं. ४९ दिवस बाजार नाही, वाणी नाही. आपण महिन्याची यादी करतो त्यातही जिरं विसरतं!

पण खरी परीक्षा स्वयंपाकाची नव्हे, रात्रीची. भर समुद्रात दोघांनी एकदम झोपून चालत नाही, तीन तीन तासांच्या पाळ्या. 'हे' गाढ झोपलेले, वर काळोख, आणि समोरून एखादं मालवाहू जहाज येतंय. तेव्हा शीड कधी उतरवायचं, सुकाणू कुठे वळवायचं, हे तिचं तिनंच ठरवायचं. आणि नवरा पाण्यात पडला तर? नौका वळवून त्याच्यापर्यंत आणायला तीच एकटी. म्हणून नुसता स्वयंपाक येणारी बायको तिथे अर्धीच सोबत. ताकदीचं काय म्हणाल, तर कप्प्या असतात. विहिरीवरच्या रहाटानं आपण भरली घागर ओढतोच की.

शंका असेल तर गोव्याकडे पाहा. गोव्यातच बांधलेल्या नौदलाच्या 'तारिणी' या ५६ फुटी नौकेतून दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ ला निघाल्या आणि पृथ्वीला वळसा घालून २९ मे २०२५ ला परतल्या. दोघीच. तांडेलही त्याच आणि खलाशीही त्याच.

भांडणं होत नसतील का? होतात! पण रागावून माहेरी जायची सोय नाही, दार आपटायला दार नाही. आणि भांडण अर्धं राहिलं तरी त्याची पाळी संपली की हिला उठावंच लागतं. मला तर वाटतं, नव्या नवरीला नौकेत नेण्याआधी दोघांनी महिनाभर एका खोलीत राहून पाहावं. कुणाच्या पायात कोण येतं ते लगेच कळेल!

सेराफिननंतर पार्डींनी 'टॅलेसिन' ही साडेएकोणतीस फुटी नौका बांधली, १९८३ साली ती पाण्यात उतरली. तिच्यात बसून अंघोळ करता येईल असा छोटा टबही होता. एवढी वर्षं काढल्यावर बाईला तेवढं सुख हवंच. तिच्यातूनही ती दोघं दूरवर हिंडली, दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं बदनाम केप हॉर्न उलट्या वाऱ्यातून ओलांडलं.

पुढे लॅरींना पार्किन्सनचा आजार जडला. ज्या हातांनी दोन नौका बांधल्या, ते हात थरथरू लागले. मग दोघांच्या पाळ्या एकट्या लिनवर आल्या: घर, औषधं, व्यवहार, कवाऊ बेटावरून ये-जा करायची बोटसुद्धा. २०२० साली लॅरी गेले. लिन तेव्हा पंचाहत्तरीत होत्या. काही काळानं त्या पुन्हा शिडाच्या नौकेवर चढल्या आणि समुद्रावर गेल्या.