वखारीचा काटा आणि सोनाराचा काटा : चित्रसंस्करणाच्या साधनांची निवड

व्यापाराची रीत काळानुरूप पालटत असते. ज्या काळी धान्याचा सौदा रुमालाखाली बोटे धरून होत असे, त्या काळी नमुना म्हणजे मूठभर धान्य होते. ते हातावर घ्यावे, हलकेच फुंकर मारावी, एक दाणा दाताखाली फोडून पाहावा आणि मगच भाव बोलावा, अशी वहिवाट होती. आज मडगावचे अथवा सावंतवाडीचे गिऱ्हाईक बेळगावच्या पेढीकडे प्रथम मागते ते मालाचे छायाचित्र. पोत्यावरील छाप, पाकिटावरील लेबल, दीपावलीचे शुभेच्छापत्र, पर्युषणातील सुट्टीची सूचना, हे सारे आता चित्ररूपानेच इकडून तिकडे जाते. साहजिकच प्रत्येक पेढीवर प्रश्न उभा राहतो की, ही चित्रे नीटनेटकी करण्यास साधे सॉफ्टवेअर पुरे, की मोठे व गुंतागुंतीचे घ्यावे? तरुण मंडळी मोठ्याचा आग्रह धरतात, वडीलधारे खर्चाकडे बोट दाखवितात. या वादाचा निवाडा कसा करावा, याचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

दोन जाती

साध्या साधनांचे कार्य मोजके असते. चित्राच्या कडा कातरणे, ते सरळ करणे, उजेड कमीअधिक करणे, आकार लहान करणे आणि वर दोन ओळी लिहिणे, एवढे ती करतात. विंडोजबरोबर १९८५ पासून येणारे पेंट हे यांतील जुने. भ्रमणध्वनीवरील स्नॅपसीड हे २०११ साली निघाले व पुढल्याच वर्षी गूगलकडे गेले. शिवाय प्रत्येक भ्रमणध्वनीत छायाचित्रे कातरण्याची सोय मूळचीच असते.

दुसऱ्या जातीचा अग्रणी फोटोशॉप. टॉमस नोल व जॉन नोल या अमेरिकन बंधूंनी तो रचला आणि १९९० च्या फेब्रुवारीत अडोबी कंपनीने बाजारात आणला. त्याच्याच पंक्तीस बसणारा, परंतु विनामूल्य मिळणारा गिम्प, हा बर्कली येथील दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली हाती घेतला. या मोठ्या साधनांचे खरे बळ 'लेयर' म्हणजे थरांत आहे. काचेच्या अनेक तावदानांवर निरनिराळी चित्रे काढून ती एकावर एक ठेवावीत, तसे हे असते. भाव बदलला तर भावाचे तेवढे तावदान पुसावे, बाकीची जशीच्या तशी राहतात. साध्या साधनांत बहुधा एकदा लिहिलेले अक्षर चित्रातच मुरते. अलीकडे, २०२३ मध्ये, पेंटलाही थरांची सोय मिळाली आहे. म्हणजे दोन जातींमधील भिंत पूर्वीइतकी उंच राहिलेली नाही.

काम पाहून साधन

सोनाराच्या काट्यावर ज्वारीचे पोते चढत नाही आणि वखारीच्या काट्यावर गुंजभर सोने तोलता येत नाही. दोन्ही काटे आपापल्या जागी खरेच असतात. हाच न्याय येथे लावावा.

नमुन्याचे चित्र गिऱ्हाइकास पाठविणे, पावतीचे चित्र सरळ करणे, सूचना फिरविणे, ही नित्याची कामे होत. शंभरांतील नव्वद कामे याच प्रकारची असतात, असे म्हणावयास हरकत नाही. त्यांस साधे साधन पुरते, आणि दुकानातील कोणीही माणूस ते दोन दिवसांत शिकतो. त्यासाठी फोटोशॉप घेणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे होय.

लेबलाची गोष्ट मात्र निराळी. बांधीव मालाच्या लेबलावर निव्वळ वजन, कमाल विक्री किंमत, बांधणाऱ्याचे नाव व पत्ता, अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक, हिरव्या चौकटीतील शाकाहाराचे हिरवे वर्तुळ, हे सर्व कायद्याने यावे लागते. वजनाच्या अंकांची उंचीसुद्धा नियमाने ठरलेली आहे. येथे अदमासाने भागत नाही. छपाईस प्रत्येक इंचात ३०० ठिपके असावेत असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे ६ इंच लांब व ४ इंच रुंद चित्रास १८०० गुणिले १२०० ठिपके हवेत. व्हॉट्सॲपवरून चित्र म्हणून पाठविलेली प्रत आकुंचित होऊन येते, ती छापखान्यास देऊ नये. शिवाय पडदा तांबडा, हिरवा व निळा अशा तीन प्रकाशांनी रंग दाखवितो, तर छापखाना निळसर, किरमिजी, पिवळ्या व काळ्या शाईने छापतो. यास्तव पडद्यावरचे झळझळीत केशरी पोत्यावर फिके उतरते. हे हिशेब मोठ्या साधनात व जाणत्या हातीच सुटतात.

आपणां मराठी पेढ्यांस आणखी एक अडचण सोसावी लागते, ती देवनागरीची. मोठ्या सॉफ्टवेअरमध्येसुद्धा अक्षरमांडणीची निवड भारतीय लिपींसाठी केलेली नसेल तर जोडाक्षरे फुटतात व वेलांट्या भलतीकडे जातात. 'इंद्रायणी' तांदळातला 'द्र' पाय मोडून पडतो आणि 'किलो'ची वेलांटी 'क'च्या पुढे जाऊन बसते. जुन्या पद्धतीच्या टंकात केलेली फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली, आणि तेथे तो टंक नसला, तर अर्थहीन चिन्हेच दिसतात. म्हणून नवे साधन घेण्यापूर्वी आपल्या पेढीचे नाव व आपल्या मालाची नावे त्यात लिहून पाहावीत. मराठी, कानडी व इंग्रजी अशा तिन्ही लिपींत लेबल काढणाऱ्या आपल्या भागात ही कसोटी अत्यावश्यक आहे.

खर्चाचा हिशेब

फोटोशॉप पूर्वी एकदाच विकत घेता येत असे. २०१३ साली कंपनीने नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर देण्याचे जाहीर केले. ही भाड्याची वखार समजावी, भाडे थांबले की कुलूप. गिम्पला द्रव्य लागत नाही, परंतु शिकण्यास महिने लागतात, आणि व्यापाऱ्याचा वेळ हेही भांडवलच होय. फुकट साधनाचेही आयुष्य आपल्या हाती नसते. घरोघर वापरली जाणारी पिकासा गूगलने २०१६ साली बंद केली, हे ध्यानी असावे.

यास्तव वर्षाकाठी दोन-चार लेबले काढणाऱ्या पेढीने ते काम मुद्रकाकडून मजुरीने करवून घ्यावे. मात्र पैसे चुकते करताना छापील नमुन्याबरोबर थर असलेली मूळ फाईलही मागून घ्यावी आणि तिजोरीतील दस्तऐवजाप्रमाणे जपावी. दर महिन्यास नवी पाकिटे काढणाऱ्याने मोठे साधन व शिकलेला माणूस, दोन्ही ठेवावीत. एकाविना दुसरे व्यर्थ आहे. मूळ छायाचित्र कधीही पुसू नये, संस्कार प्रतीवर करावेत. जेपेग प्रकारची फाईल पुनःपुन्हा बदलून साठविली की प्रत्येक वेळी चाळणीतून काही तपशील गळतो, आणि गळलेला परत येत नाही.

नमुन्याचे सत्य

येथवरचा विचार सोयीचा झाला. याहून मोठा प्रश्न सचोटीचा आहे. पावसात सापडून काळवंडलेली ज्वारी आज बोटाच्या एका फिरण्याने मोत्यासारखी दिसू शकते. यास मोठे सॉफ्टवेअरही लागत नाही. मोठ्या साधनाने तर तुरीतला डागी दाणा आणि तांदळातली कणी पुसून टाकता येते, आणि कोणास संशयही येत नाही. लेबलावरच्या चित्रास शोभा आणणे निराळे, आणि सौद्यासाठी पाठविलेल्या नमुन्यास रंग चढविणे निराळे. पहिले सजावट आहे, दुसरे फसवणूक.

आपल्या आचार्यांनी अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोट्या वजनमापाशेजारीच प्रतिरूपक व्यवहारास बसविले आहे. चांगला माल दाखवून तसाच दिसणारा हलका माल देणे, असा त्याचा अर्थ. संगणक त्या काळी नव्हता, परंतु दोष तोच आहे. व्यवहाराच्या दृष्टीनेही यात हितच नाही. छायाचित्र पाहून बोललेला भाव पोते उघडताच मोडतो, माल परत येतो, दोन्हीकडचे भाडे अंगावर बसते आणि गिऱ्हाइकाचा विश्वास जातो तो जातोच.

म्हणून प्रत्येक पेढीने एक नियम घालून घ्यावा. नमुन्याचे चित्र दिवसाच्या उजेडात, सावलीत, पांढऱ्या कागदावर दाणे पसरून घ्यावे. शेजारी एक नाणे ठेवावे, म्हणजे दाण्याचे आकारमान कळते. चित्राच्या कडा कातरल्या तरी चालेल, परंतु रंगास व दाण्यास हात लावू नये. एवढ्यासाठी भ्रमणध्वनीवरील साधेच साधन पुष्कळ आहे, आणि ते घरच्या लहानथोरांस सहज येते.

नित्याच्या कामास साधे, लेबलाच्या कामास मोठे व जाणत्याच्या हाती, आणि नमुन्यास कोणतेही साधन न लावलेले बरे, असा या विवेचनाचा निष्कर्ष आहे. काटा कोणताही घेतला तरी त्याची दांडी सरळ ठेवणे आपल्याच हाती असते. नव्या पिढीच्या हाती ही साधने देताना तिला ही गोष्टही सांगावी, एवढीच व्यापारी बांधवांस नम्र विनंती.