मोटर फिरते, गाडी हलत नाही



बिनतारी नियंत्रणावर धावणारी छोटी मालमोटार आता पुष्कळ घरांतून दिसू लागली आहे. हातातील नियंत्रकाचा चाप ओढला की ती अंगणातली धूळ उडवीत निघते, पायरीवरून उडी घेते, उलटी पडते आणि सरळ केली की पुन्हा धावते. मग एके दिवशी चाप ओढला असता आतून मोटरीचा आवाज तर येतो, पण गाडी जागची हलत नाही. मुलगा म्हणतो, मोटर जळली. दुकानदार म्हणतो, गिअर गेला. जळलेली मोटर असा खणखणीत आवाज करीत नाही, हे मुलाला कोणी सांगत नाही. आणि गिअर गेला तो का गेला, हे दुकानदाराला कोणी विचारीत नाही.

इंदुरास माझा एक भाचा आहे. त्याच्या मालमोटारीतील एकच दातेरी चक्र दोन महिन्यांत तीन वेळा बोडके झाले. तिसऱ्या खेपेस त्याने दूरध्वनीवरून कळविले, "मामा, आता ही माळ्यावर टाकतो." त्या चक्राची हकीकत पुढे येईलच. परंतु ती समजावयाची तर मोटरीची शक्ती चाकापर्यंत कोणत्या वाटेने जाते, ते आधी पाहिले पाहिजे.

खऱ्या वाहनाच्या एकदशांश आकाराची, मागील दोन चाकांवर चालणारी गाडी आपण डोळ्यांपुढे आणू. मोटरीच्या दांड्यावर एक लहान पोलादी चक्र बसविलेले असते, ते पिनियन. पिनियनचे दाते एका मोठ्या, बहुधा प्लॅस्टिकच्या चक्रात अडकतात. त्याला स्पर म्हणतात. स्परच्या पोटात स्लिपर क्लच असतो. स्प्रिंगने दाबून धरलेल्या या चकत्या अचानक धक्का बसला की किंचित घसरतात आणि दाते वाचवितात. तेथून शक्ती गिअरपेटीत शिरते व डिफरन्शियलपर्यंत पोहोचते. डिफरन्शियलच्या दोन्ही बाजूंस एकेक ड्राइव्ह शाफ्ट, शाफ्टच्या टोकास चाकाचा आस, आसात आडवी बसविलेली बारीक खीळ, खिळीवर षट्कोनी ठोकळा आणि ठोकळ्यावर चाक. या साखळीतील एक कडी सुटली की गाडी थांबते. सुटलेली कडी कोणती, एवढाच प्रश्न असतो. आणि तो सोडविण्यासाठी गिअरपेटी उघडावी लागतेच असे नाही.

आरंभी मोटर खरोखर फिरते आहे की नाही, हे ठरवावे. गाडी एखाद्या ठोकळ्यावर अशी ठेवावी की चाके अधांतरी राहतील. नियंत्रक आधी चालू करावा, गाडी नंतर. बंद करताना क्रम उलटा. चाप अगदी हलका ओढावा. चाके हवेत असताना मोटर पूर्ण वेगाने पळविण्याची हौस मुलांना असते; त्याने टायर फुगून ताणले जातात आणि डिफरन्शियलवर विनाकारण ताण येतो. मोटर गुरगुरते, झटके देते पण फिरत नाही, असे दिसले तर दोष दात्यांत शोधू नये. तीन तारांच्या मोटरीची एक तार सैल झाली तरी ती अशीच थरथरते. काही मोटरी निरोगी असूनही अगदी मंद गतीला अडखळतात. हे विजेचे प्रकरण आहे, त्याची वाट निराळी.

मोटर नीट फिरत असेल तर बॅटरीची जोडणी काढून टाकावी. यापुढे बोटे दात्यांजवळ जाणार आहेत, म्हणून याला अपवाद करू नये. आता शाईच्या लेखणीने मोटरीचा दांडा आणि पिनियन यांवर मिळून एक सरळ रेघ ओढावी. बॅटरी जोडून, बोटे दूर ठेवून, क्षणभर चाप ओढावा आणि रेघ पाहावी. रेघ तुटलेली दिसली तर दांडा पिनियनच्या आतच फिरतो आहे, म्हणजे पिनियनचा बारीक स्क्रू सैल झाला आहे. मोटरीच्या दांड्याची एक बाजू सपाट केलेली असते; स्क्रू बरोबर तिच्यावर टेकला पाहिजे. तेल पुसून, थ्रेडलॉकर नावाचा निळा द्रव एक थेंब लावून तो आवळला की झाले. हा द्रव प्लॅस्टिकला मात्र लागू देऊ नये, प्लॅस्टिक तडकते. अर्धी दुरुस्ती या एका स्क्रूपाशीच संपते, असा माझा अनुभव आहे.

रेघ अखंड राहिली तर बॅटरी पुन्हा काढून हातांनी तपास करावा. एकाने मागील दोन्ही चाके घट्ट धरावी, दुसऱ्याने अंगठ्याने स्पर फिरवून पाहावे. स्पर दाद देत नसेल तर त्याच्यापासून चाकापर्यंतची वाट शाबूत आहे. मग स्परचे दाते संपूर्ण फेरा फिरवून न्याहाळावे, कारण कित्येकदा चारपाच दातेच गेलेले असतात आणि ते नेमके खालच्या बाजूस दडतात. स्पर सहज फिरत असेल तर त्याच्या मध्यावरील नटाकडे लक्ष द्यावे. नट स्थिर आणि स्पर फिरते, तर स्लिपर क्लच सैल आहे. नटही फिरतो आणि चाके मात्र हातात स्वस्थ, तर दोष गिअरपेटीत किंवा तेथून चाकापर्यंतच्या वाटेत आहे. शाफ्ट आणि खिळी ठीक असतील तरच पेटीचे स्क्रू सोडवावे.

डिफरन्शियलविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण याच जागी बहुतेकांची फसगत होते. एका बाजूचा ड्राइव्ह शाफ्ट गळून पडला तरी दुसऱ्या बाजूचे चाक जोडलेले आहे, मग निदान त्या चाकाने तरी गाडी ओढावी, असे कोणालाही वाटेल. परंतु तसे होत नाही. डिफरन्शियल दोन्ही बाजूंस सारखाच जोर देते. मोकळ्या बाजूस अडविणारे काही नाही, म्हणजे तेथे जोर जवळजवळ शून्य. तेव्हा दुसऱ्या बाजूसही शून्यच. मधोमध एकाच खुंटीवर फिरणाऱ्या जुवाला दोन बैल जुंपले आणि त्यांतला एक सुटला, तर दुसऱ्याने कितीही जोर केला तरी जू नुसते वळते. चिखलात रुतलेल्या जीपचे एक चाक गरगर फिरते आणि दुसरे ढिम्म राहते, तोच हा प्रकार. चारही चाकांवर चालणाऱ्या ज्या गाड्यांत मधला शाफ्ट सरळ जोडलेला असतो, त्या अशा वेळी उरलेल्या जोडीवर कशाबशा चालत राहतात आणि त्यामुळे दोष लवकर ध्यानात येत नाही.

याची परीक्षा सोपी आहे. स्पर बोटाने रोखून धरावे आणि उजवे चाक पुढे फिरवावे. डावे चाक तितकेच मागे फिरले पाहिजे. तसे फिरले तर डिफरन्शियल, दोन्ही शाफ्ट, खिळी, ठोकळे, सारे ठीक. उजवे चाक मोकळे फिरले आणि डावीकडे काहीच झाले नाही, तर डाव्या चाकाकडे नव्हे, त्याच्या आतील शाफ्टकडे पाहावे. शाफ्ट उलटा फिरत असेल आणि चाक उभे असेल तर डावीकडची खीळ किंवा ठोकळा गेला. शाफ्टही स्वस्थ असेल तर प्रथम उजवीकडच्या जोडण्या पाहाव्या आणि मग डिफरन्शियलवर संशय घ्यावा. खीळ ही जेमतेम सुईएवढी वस्तू. चाक बदलताना ती घसरून गवतात पडते आणि घरी कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

गाडी चालते पण कटकट आवाज करते, तेव्हा कान उपयोगी पडतो. आणि कानाच्या जोडीला थोडे अंकगणित. समजा, पिनियनला २० दाते आहेत, स्परला ८०, आणि गिअरपेटीतील प्रमाण अडीचास एक आहे. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात स्परचे अडीच फेरे होतात आणि पिनियनचे दहा. दोन्ही मागील चाके बरोबर धरून सावकाश दोन फेरे फिरवावी आणि टकटक मोजावी. पाच आल्या तर स्परचा एखादा दाता दुखावला आहे. वीस आल्या तर पिनियन. दोनच आल्या तर डिफरन्शियलचे मोठे चक्र किंवा चाकाजवळील सांधा. या दोहोंतील निवाडाही करता येतो. एक चाक धरून ठेवून दुसरेच फिरवावे. अशा वेळी डिफरन्शियलचे मोठे चक्र अर्ध्या वेगाने फिरते. म्हणून त्यातला दोष दोन फेऱ्यांत एकदाच वाजतो, आणि सांध्यातला दोष प्रत्येक फेऱ्याला वाजतो. गिअरपेटीत मधले आणखी एखादे चक्र असले तर त्याचा आकडा निराळा येईल. दाते मोजून तोही काढता येतो, आणि मुलांना ही मोजदाद मनापासून आवडते.

आता इंदूरच्या चक्राकडे वळू. तेथे कोणते चक्र गेले हा प्रश्न नव्हताच. स्परचे दाते लोण्यासारखे कापले गेलेले डोळ्यांस दिसत होते. ते का जाते, हे कळत नव्हते. स्लिपर क्लच फार आवळला असेल तर उडी मारून चाके जमिनीस लागताच सारा धक्का दात्यांवर येतो. भाच्याचा क्लच तसा नव्हता; गाडी निघताना पहिल्या फूटभरात किंचित घसरत होती, म्हणजे योग्य होती. मोटरीचे स्क्रू सैल असतील तर भार येताच मोटर मागे सरते आणि दाते एकमेकांवरून उडतात. तेही घट्ट होते. स्परचा शाफ्ट धरून डगडगत नव्हता, म्हणजे बेअरिंगही शाबूत.

मग मी पिनियन आणि स्पर यांच्यातील अंतरावर बोट ठेवले. हे अंतर बसविण्याची रीत अशी: वहीच्या साध्या कागदाची पट्टी दोन चक्रांच्या मध्ये घालावी, मोटर स्परकडे दाबावी, स्क्रू आवळावे आणि चक्र फिरवून पट्टी बाहेर काढावी. पट्टीवर नागमोडी घड्या उमटाव्या, पण ती फाटू नये. मग स्पर निदान चार ठिकाणी फिरवून किंचित मोकळीक आहे ना, ते पाहावे. मी भाच्याकडून हे सारे करवून घेतले आणि निश्चिंत झालो. तो म्हणाला होता, "मामा, पट्टी एके ठिकाणी फाटली आणि एके ठिकाणी घडीच नाही." मी म्हणालो, कागद वाईट असेल. तिसरे चक्र गेले ते त्यानंतर.

कागद वाईट नव्हता. मूळ पिनियन हरवल्यामुळे त्याने बाजारातून दुसरे आणले होते. दाते तेवढेच, २०. आणि मोटरीच्या दांड्यावरही बरोबर बसणारे. या जातीच्या मोटरीचा दांडा एक अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे ३.१७ मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्यावर नाना मापांच्या दात्यांची पिनियने बसतात. त्याचे स्पर ४८ पिचचे होते, म्हणजे चक्राच्या इंचभर व्यासामागे ४८ दाते. नवे पिनियन ०.६ मॉड्यूलचे होते, म्हणजे दर दात्यामागे ०.६ मिलिमीटर व्यास. ४८ पिच याच भाषेत सांगावयाचे तर ०.५३ होतात. डोळ्याला हा फरक दिसत नाही. चक्रे एकमेकांत अडकतात आणि गाडी पाचदहा मिनिटे कर्कश आवाज करीत धावतेसुद्धा. परंतु जाड दाता बारीक खाचेत पुरता शिरत नाही, आणि पोलाद व प्लॅस्टिक यांच्या झगड्यात झिजावयाचे कोणी, हे ठरलेले असते. भाचा दर खेपेस अगदी अस्सल स्पर आणून बसवीत होता. पिनियनवर मात्र ओरखडाही नव्हता, म्हणून त्याच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही, माझेही नाही.

हे ओळखले ते मापाने. दात्यांच्या संख्येत दोन मिळवून मॉड्यूलने गुणले की चक्राचा बाहेरचा व्यास मिळतो. ४८ पिचचे २० दात्यांचे पिनियन सुमारे ११.६ मिलिमीटर भरावयास हवे होते. शाळेच्या प्रयोगशाळेतील व्हर्निअरने भाच्याने मोजले, तर १३.२ भरले. ३२ पिच आणि ०.८ मॉड्यूल ही मापे मात्र इतकी जवळ आहेत की ती एकमेकांत खपून जातात. तेवढ्यावरून सर्वच मापे चालतील असे समजू नये.

गाडी जड चालते, मोटर लवकर तापते, अशीही तक्रार येते. तेव्हा मोटर बाजूला सरकवून चाके हाताने फिरवावी. आसाभोवती गुंडाळलेले केस, सतरंजीचे दोरे, गवताच्या काड्या, बेअरिंगमध्ये गेलेली वाळू, एवढ्यांतच कारण सापडते. पावसाळ्यात गाडी चिखलातून आणल्यावर तशीच ठेवली तर बेअरिंगे गंजून आवळतात.

भाच्याने योग्य पिनियन आणून चौथे स्पर बसविले आणि कागदाची पट्टी पुन्हा घातली. या वेळी घड्या एकसारख्या आल्या. ती पट्टी त्याने मला टपालाने पाठविली. सावधगिरी म्हणून विकत घेतलेले पाचवे स्पर अजून त्याच्या डबीत पडून आहे.