रांग कुठे उभी राहावी

नारायणगावजवळच्या खोडद परिसरात 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण ज्या नोंदी टिपते, त्यांचा संग्रह पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र सांभाळते आणि जगभरच्या अभ्यासकांना तो संगणकजाळ्यावरून उपलब्ध करून देते. सेकंदाला 1 गिगाबिट वाहून नेणारी जोडणी पूर्ण मोकळी असली, तरी अशा कोणत्याही संग्रहातून 1 टेराबाइट माहिती उतरवून घेण्यास सुमारे सव्वादोन तास लागतात. तेवढा वेळ ती जोडणी एकाच्याच वाट्याला गेली, तर चार ओळींची नोंद हवी असलेला दुसरा अभ्यासक ताटकळत राहतो.

1986 मध्ये अमेरिकेत बर्कली येथे अशाच कोंडीमुळे वेग सेकंदाला 32,000 बिटांवरून 40 बिटांवर घसरला होता. त्यानंतर व्हॅन जेकबसन यांनी सुचवलेल्या उपायांमुळे, पॅकेट म्हणजे माहितीचा छोटा तुकडा हरवताच पाठवणारा संगणक आपणहून वेग कमी करू लागला. मात्र यातून होणारी वेगाची वाटणी साधारणतः जोडण्यांमागे होते, माणसांमागे नव्हे, त्यामुळे एकाच वेळी दहा जोडण्या उघडणारा दहा वाटे घेऊन जातो, आणि म्हणूनच वेगाला मर्यादा घालण्याचे काम सर्व्हरला स्वतःकडे घ्यावे लागते.

लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे या प्रणालीच्या गाभ्यात, यासाठी ‘टोकन बकेट’ ही रीत आहे. ठरलेल्या गतीने एका काल्पनिक बादलीत टोकने पडत राहतात, प्रत्येक पॅकेट आपल्या आकाराइतकी टोकने खर्चून बाहेर पडते आणि बादली रिकामी असेल तर थांबते. मार्टिन देवेरा यांनी रचलेल्या ‘एचटीबी’ या प्रकारात प्रत्येक गटाला हमीचा वाटा आणि कमाल मर्यादा दिलेली असते, आणि एखाद्या गटाने न वापरलेला वाटा त्या मर्यादेपर्यंत इतरांना उसना मिळतो. पाटाच्या पाण्याची पाळी ठरलेली असावी, पण एकाचे शेत भिजले की उरलेले पाणी वाया न जाता शेजाऱ्याकडे वळावे, तशी ही सोय आहे.

यातील सर्वांत मोलाची गोष्ट पुष्कळदा नजरेआड होते. मर्यादा प्रत्यक्ष जोडणीच्या वेगापेक्षा किंचित कमी ठेवली, तरच पॅकेटांची रांग पुढच्या राउटरमध्ये न साचता सर्व्हरमध्येच उभी राहते, आणि जी रांग आपल्या दारात आहे तिच्यातूनच छोट्या विनंतीला पुढे काढता येते. आत येणाऱ्या माहितीवर मात्र असा ताबा चालत नाही, कारण ती जोडणी व्यापूनच दारी पोहोचलेली असते. तेथे काही पॅकेटे टाकून देऊन पाठवणाऱ्याने वेग कमी करण्याची वाट पाहणे, एवढेच बहुधा हाती उरते.