खारं पाणी, गोडं पाणी आणि पावडरी

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा बुलढाण्याच्या संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा तालुक्यांतही पसरला आहे. इथल्या पाण्यात तुरटी फिरवली तर गाळ बसतो, क्षार नाही. उकळलं तर जंतू मरतात, पण पाणी आटेल तसा खारटपणा वाढतोच! पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवेत. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतात.

क्षार काढायचे तर आरओ यंत्र, म्हणजे बारीक पडद्यातून दाबानं पाणी गाळणारं. त्याच्या पडद्यावर कॅल्शियमचा थर बसू नये म्हणून पाण्यात अँटीस्केलंट सोडतात, लिटरला जेमतेम काही मिलिग्रॅम. तरीही बसलाच, तर सायट्रिक अॅसिडनं धुतात. गंमत म्हणजे ग्रामपंचायतीच्या टाकीत जंतू मारायला जी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम लागते, तिच्यातला क्लोरीन या पडद्याचा वैरी. म्हणून आधी सोडियम मेटाबायसल्फाइट घालून तो मारावा लागतो.

नळाच्या पाण्यात मात्र क्लोरीन उरायलाच हवा, लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम. तो तपासायला ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक परीक्षानळीत ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकतो; पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. आरओनं फेकलेलं पाणी मूळ पाण्याहून खारट असतं. ते गटारात सोडलं की पुन्हा जमिनीतच जिरतं, आणि याचा हिशेब सहसा कुणी ठेवत नाही.