स्पोर्ट्स मोटारीतील खडखड आणि कुरकुर : कारणे व उपाय

रस्त्यावरून जड मालमोटार गेली म्हणजे स्वयंपाकघरातील मांडणीवरचे एखादेच भांडे खणखणू लागते. शेजारची भांडी मात्र स्वस्थ असतात. हादरा सर्वांनाच बसलेला असतो, मग आवाज एकाच भांड्याचा का व्हावा ? कारण ते भांडे नीट टेकलेले नसते; शिवाय हादऱ्याची कंप्रता, म्हणजे दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या, त्या भांड्याच्या स्वतःच्या नैसर्गिक कंप्रतेशी जुळलेली असते. या जुळणीस अनुस्पंदन असे म्हणतात. मोटारीच्या आत होणाऱ्या खडखडीचे मर्मही याच दोन गोष्टींत आहे : कोठे तरी एक सैल सांधा, आणि त्यास हलविणारे योग्य कंप्रतेचे कंपन.

हे आवाज केवळ त्रासदायक असते तर त्यांची चर्चा करण्याचे विशेष कारण नव्हते. परंतु डॅशबोर्डच्या निरुपद्रवी पट्टीचा आवाज आणि चालकाच्या आसनाच्या ढिल्या झालेल्या बोल्टचा आवाज कानास पुष्कळदा सारखाच भासतो. म्हणून आवाज दडपण्यापूर्वी तो कशाचा आहे, हे ओळखणे अगत्याचे असते.

स्पोर्ट्स मोटारीत आवाज अधिक का ?

याची कारणे मुख्यतः तीन आहेत. पहिले असे की, वळणावर गाडी कलू नये म्हणून स्पोर्ट्स मोटारीच्या स्प्रिंगा ताठर ठेवलेल्या असतात. त्यामुळे रस्त्यावरील धक्के फारसे न शमता सांगाड्यापर्यंत पोहोचतात. दुसरे असे की, वजन वाचविण्यासाठी आवाज शोषणारे अस्तर बेताचेच लावलेले असते. तिसरे कारण उघड्या टपाच्या मोटारींपुरते असले तरी महत्त्वाचे आहे. पुठ्ठ्याचे झाकणबंद खोके दोन्ही हातांनी पिळून पाहावे, आणि मग त्याचे झाकण काढून तसेच करावे. बिनझाकणाचे खोके सहज पिळले जाते. पक्के छप्पर नसलेल्या मोटारीची स्थिती अशीच असते. तिच्या तळाला कितीही बळकटी दिली तरी एक चाक खड्ड्यात गेले की सांगाडा किंचित पिळला जातो आणि त्यावर बसविलेले भाग एकमेकांवर घासतात.

जपानच्या माझदा कंपनीची एमएक्स-५ ही दोन आसनांची मोटार याचे चांगले उदाहरण होय. ती १९८९ साली शिकागो येथील मोटार-प्रदर्शनात प्रथम मांडण्यात आली. तिचे पहिले रूप एक टनाहून हलके होते. वर दुमडता येणारा कापडी टप, आणि दाराच्या काचांना वरच्या बाजूस चौकट नाही. टप मिटविला की तो समोरच्या काचेच्या चौकटीवर दोन खटक्यांनी अडकविला जातो, आणि दाराच्या काचा रबराच्या पट्ट्यांवर दाबून बसतात. खटके, रबर आणि काच यांचे हे सांधेच अशा मोटारीत प्रथम तपासावे लागतात.

आवाजाच्या तीन जाती

खडखड, कुरकुर आणि भणभण हे तीन शब्द सामान्य बोलण्यात सरमिसळ वापरले जातात. परंतु येथे त्यांची कारणे वेगवेगळी आहेत.

खडखड ही आपटण्याने होते. दोन भागांत फट असते आणि धक्क्यासरशी ते दूर जाऊन पुन्हा एकमेकांवर आदळतात. डिकीतील सुटा जॅक किंवा टपाचा ढिला खटका ही याची उदाहरणे.

कुरकुर ही घर्षणाची संतती आहे. स्थिर वस्तू सरकविण्यास जेवढे बळ लागते, त्याहून कमी बळ ती सरकत ठेवण्यास पुरते. त्यामुळे एकमेकांवर दाबलेले दोन पृष्ठभाग क्षणभर चिकटतात, ताण वाढताच सुटून घसरतात आणि पुन्हा चिकटतात. ही क्रिया सेकंदास शेकडो वेळा घडली की तिचा स्वर होतो. राळ लावलेला गज सारंगीच्या तारेवर फिरतो तेव्हा हेच घडते; वंगण नसलेल्या बैलगाडीच्या आसाचेही तेच.

भणभण ही अनुस्पंदनाची खूण होय. पातळ झाकण किंवा लांब पट्टी इंजिनाच्या एका ठरावीक गतीलाच थरथरते आणि गती बदलताच गप्प होते. चार सिलिंडरांच्या चतुर्घाती इंजिनात दर फेऱ्यास दोन स्फोट होतात. इंजिन मिनिटास ३००० फेरे करीत असता सेकंदास १०० स्फोट होतात. ज्या पट्टीची नैसर्गिक कंप्रता १०० च्या आसपास असेल, ती नेमकी त्याच वेळी बोलू लागते.

मूळ कसे शोधावे ?

प्रथम मोटार रिकामी करावी. कप्प्यांतील नाणी, चष्मा, किल्ल्या, डिकीतील हत्यारे ही सर्व बाहेर काढल्यावर कित्येक आवाज आपोआप नाहीसे होतात.

त्यानंतर आवाज कशाबरोबर बदलतो, ते पाहावे. मोटार उघड्या जागी उभी करून, गिअर न घालता, इंजिनाची गती हळूहळू वाढवावी. बंद खोलीत हे कधीही करू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक असतो. आवाज उभ्या गाडीतही येत असेल तर त्याचा चालक इंजिन होय. तो केवळ चालत्या गाडीतच आणि वेगानुसार येत असेल तर चाकांकडे पाहावे. १.८ मीटर परिघाचे चाक ताशी ९० किलोमीटर वेगाला सेकंदास सुमारे १४ फेरे करते. ही कंप्रता इंजिनाच्या स्फोटांच्या कंप्रतेहून पुष्कळच कमी असते. आवाज केवळ खड्ड्यातून किंवा तिरप्या उतारावरून जाताना येत असेल तर सांगाडा पिळला जात आहे, असे समजावे.

शोधाचे काम चालकाने करू नये. त्याने रस्त्यावर लक्ष ठेवावे; शेजारी बसलेल्याने एकेका भागावर तळहात दाबून पाहावा. ज्या भागावर हात ठेवताच आवाज थांबतो, तेथे किंवा त्याच्या अगदी निकट दोष असतो. लहानशा जागेत काचांवरून परावर्तित झालेला आवाज कानास फसवितो, म्हणून कानापेक्षा हातावर अधिक भिस्त ठेवावी.

उष्णतेचाही विचार करावा लागतो. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीचा डॅशबोर्ड सहज ४० अंश सेल्सियसने तापतो. तेवढ्या तापमानवाढीने १.२ मीटर लांबीची पोलादी पट्टी सुमारे अर्धा मिलिमीटर वाढते. तेवढीच प्लॅस्टिकची पट्टी जवळजवळ चार मिलिमीटर वाढू शकते. या वाढीस वाव मिळावा म्हणून काही ठिकाणी स्क्रूंची छिद्रे लांबट ठेवलेली असतात. तेथे स्क्रू अवाजवी आवळला तर पट्टीस सरकता येत नाही आणि नवी कुरकुर उद्भवते. सकाळी येणारा आवाज दुपारी नाहीसा होतो, याचेही कारण पुष्कळदा हेच असते.

उपाय

खडखडीवर उपाय फट नाहीशी करण्याचा. खटका जुळवून घ्यावा, तुटलेली क्लिप बदलावी, सुटा जॅक त्याच्या बैठकीवर नीट आवळावा. जेथे दोन भाग एकमेकांजवळ असणे अपरिहार्य आहे, तेथे मध्ये नमद्याची पातळ पट्टी चिकटवावी. प्लॅस्टिकमध्ये बसणारा स्क्रू हाताने बेताचाच आवळावा, नाहीतर त्याचे आटे कायमचे जातात.

कुरकुरीवर उपाय घर्षण बदलण्याचा. रबराच्या पट्ट्या प्रथम ओल्या फडक्याने पुसाव्यात, कारण कित्येकदा धूळ हेच खरे कारण असते. मग त्यांवर सिलिकोन ग्रीसचा हलकासा हात फिरवावा. खनिज तेल वापरू नये. दारांच्या पट्ट्यांचे रबर त्याने फुगते व मऊ पडते.

भणभणीवर उपाय कंप्रता बदलण्याचा. पट्टीस आणखी एका जागी आधार दिला की ती ताठ होते आणि तिची कंप्रता वाढते. मागे थोडे वजन चिकटविले की ती कमी होते. दोहोंपैकी काहीही केले तरी जुळणी मोडते.

जे आवाज झाकू नयेत

काही आवाजांवर नमदा हा उपाय नव्हे. आसन, आसनाचा पट्टा, सुकाणू आणि पेडले यांच्याकडून येणारा प्रत्येक आवाज ही सूचना समजावी. आसनाचे बोल्ट निर्मात्याने दिलेल्या मापानेच, टॉर्क पान्ह्याने आवळावेत. सुकाणूत खडखड असेल तर गाडी न चालविता ती कुशल कारागिराकडून तपासून घ्यावी. पायाशी घरंगळणारी बाटली ब्रेकच्या पेडलाखाली अडकू शकते. तिचा आवाज लहान असला तरी धोका लहान नसतो. एअरबॅग असलेल्या मोटारीत सुकाणूचे झाकण किंवा डॅशबोर्डचा तो भाग घरी उघडू नये. पिवळ्या आवरणाच्या तारांस हात लावू नये.

रेडिओ मोठा केला की खडखड ऐकू येत नाही हे खरे. पण सैल झालेला बोल्ट त्यामुळे घट्ट होत नाही. जो आवाज कोठून येतो हे कळले आहे, तो राहिला तरी चालेल. ज्याचे मूळ सापडलेले नाही, तो थांबला तरी शोध मात्र थांबवू नये.