सुवर्णाचा आधार, विश्वासाची कसोटी

चलनवाढीने वारंवार होरपळलेल्या झिम्बाब्वेने ५ एप्रिल २०२४ रोजी ‘झिग’ अर्थात ‘झिम्बाब्वे गोल्ड’ या नव्या चलनाची घोषणा केली. सोने, अन्य मौल्यवान खनिजे व परकीय चलन यांची गंगाजळी हा त्याचा आधार. आरंभी मध्यवर्ती बँकेकडे सुमारे अडीच टन सोने व १० कोटी डॉलर रोख होते. एका डॉलरचा दर १३.५६ झिग ठरला. तथापि, त्याच वर्षी २७ सप्टेंबरला या चलनाचे सुमारे ४३ टक्के अवमूल्यन करावे लागले. तिजोरीत सोने असूनही व्यवहारात लोकांचा ओढा डॉलरकडेच राहिला होता. चलनामागे सोने असणे उपकारक खरे. परंतु नोटा काढण्यातील संयम आणि धोरणातील सातत्य यांवाचून त्याला बाजारात पत लाभत नाही.